पहिलीच रिसर्च ग्रँट: सड्यावरच्या कामासाठी अर्ज कुठे टाकू?

सातवीण
नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यात एका अनुदानित सिनियर कॉलेजात बॉटनी शिकवते, परमनंट आहे, पीएचडी झालीय, कॉलेजला युजीसीची २(एफ) आणि १२(बी) (मान्यता आणि ग्रँटची पात्रता) दोन्ही आहे. आमच्या इथल्या सड्यावर (कातळाच्या सपाट माळावर) पावसात जी डबकी भरतात आणि त्यांच्या कडेने जी झाडं उगवतात त्यांची दोन-तीन वर्षं नीट नोंद करायचीय. एकीकडे चिरेखाणी, दुसरीकडे कलमं लावायला जेसीबी, कुठला तुकडा पुढच्या पावसाळ्यात शिल्लक असेल सांगता येत नाही, म्हणून घाई आहे.
लागणारं फार नाही, एक बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप, पीएच आणि कंडक्टिव्हिटीचं मीटर, हर्बेरियमचं (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचं) सामान, फिरण्याचा खर्च आणि एक असिस्टंट. सीनियर सर म्हणतात युजीसीचं मायनर रिसर्च प्रोजेक्ट टाक, पण मला साइटवर काही सापडत नाहीये. आणि आमच्याकडे सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) एक सर आहेत, सडा खरा त्यांनाच माहितीय, त्यांना यात कसं घेता येईल?

खाडीपलीकडे
मॅडम, युजीसीचं मायनर विसरा. बारावी योजना २०१७ ला संपली तेव्हापासून नवीन अर्ज मागवणं बंद झालंय, जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून आहे एवढंच. तुमच्यासाठी दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे मुंबई विद्यापीठाचं मायनर रिसर्च, रक्कम छोटी पण पहिल्या अर्जाला उत्तम, मीटर आणि फिरणं त्यात बसेल. दुसरा टेअर (टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स). ही सर्बची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान संशोधन मंडळाची योजना, आता सर्ब एएनआरएफमध्ये, म्हणजे नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात गेलंय (कायदा २०२३ चा), तेव्हा कॉल निघालाय का ते त्यांच्या पोर्टलवर बघत रहा. ती खास तुमच्या-आमच्यासारख्या राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या नियमित शिक्षकांसाठी काढलेली. तीन वर्षं, वर्षाला ५ लाख रिसर्च ग्रँट, त्यातली निम्मी तुमच्या कॉलेजला निम्मी होस्ट संस्थेला, शिवाय तुम्हाला वर्षाला ६० हजार. होस्टकडे जाऊन वर्षातून तीनेक महिने काम करायचं. तुमच्या विषयाला पुण्याची आघारकर संशोधन संस्था शोभेल, तिथल्या कोणाला तरी आत्ताच ईमेल करा, कॉल आल्यावर शोधायला लागलात तर वेळ पुरत नाही.

आता खरं महत्त्वाचं. ग्रँटचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तुमचं वर्ष जूनला सुरू होतं. दीपकाडी पहिल्या पावसातच फुलून जाते, सीतेची आसवं आणि गेंद ऑगस्ट-सप्टेंबरला, दिवाळीनंतर सडा काळाठिक्कर. मंजुरीचं पत्र उन्हाळ्यात आलं तरी पैसे खात्यात पडेपर्यंत ऑक्टोबर उजाडू शकतो, मग मार्चपर्यंत फिल्डवर दाखवायला काही नाही, खर्च नाही, आणि खर्च नाही म्हणून पुढचा हप्ता अडकतो. चांगली चांगली कामं कोकणात अशीच रखडलेली बघितलीत. म्हणून पहिल्या वर्षात मायक्रोस्कोप-मीटरची खरेदी, डबक्यांचा जीपीएस नकाशा आणि पुण्यात हर्बेरियम बघणं एवढंच ठेवा, असिस्टंट दुसऱ्या वर्षापासून मागा. आणि हे असं का ते प्रपोजलमध्ये महिन्यांच्या तक्त्यासकट लिहा, दिल्लीतल्या परीक्षकाने सडा बघितलेला नसतो. सातबाऱ्यावर हीच जमीन पोटखराब (लागवडीला अयोग्य) म्हणून लागते हेही लिहा, ते वाचल्यावर त्यांना प्रश्न नीट कळतो.

सीएचबीच्या सरांचं वाईट वाटतं. पीआय (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) म्हणून जवळजवळ सगळीकडे नियमित पदच मागतात, आणि पूर्णवेळ असिस्टंट व्हायचं तर तासिका सोडाव्या लागतील. पण फिल्डचा मानधनाचा भाग बजेटमध्ये धरा आणि पेपरवर त्यांचं नाव लेखक म्हणून येणार हे आत्ताच बोलून घ्या. माहिती त्यांची आणि नाव आपलं, हे होता कामा नये.

कुडाळकर
मॅडम, हिशोबाचा मी सांगतंय, आमच्या कॉलेजात ह्या काम माझ्याकडेच आसा. सगळ्यांका कळाक व्हया म्हणान पुढचा साध्या मराठीत.
प्रोजेक्टचं खातं वेगळं उघडा, कॉलेजच्या खात्यात पैसे मिसळले की युसी (पैसे कशावर खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र) करताना जीव जातो. केंद्राच्या पैशावर जे व्याज पडतं ते तुमचं नाही, भारतकोशवर (केंद्र सरकारच्या पैसे भरायच्या पोर्टलवर) परत भरायचं. खर्चाचा हेड बदलायचा नाही, प्रवासाचे उरले म्हणून रसायनं घेतली असं चालत नाही, आधी लेखी परवानगी. सड्यावर जायला एसटी नाही, रिक्षा नाहीतर डमडम, आणि रिक्षावाला बिलबुक ठेवत नाही. मग साध्या कागदावरच तारीख, कुठून कुठे, गाडी नंबर, किलोमीटर, सही, असं त्याच दिवशी लिहून घ्या, रक्कम ५ हजारांवर गेली तर रेव्हेन्यू तिकीट लावा. पैसे शक्यतो खात्यावरच. वर्षाच्या शेवटी बसून चिठ्ठ्या गोळा करणाऱ्यांचे निम्मे पैसे ऑडिटमध्ये नामंजूर होतात. मायक्रोस्कोप जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) आधी शोधा, आणि आल्या आल्या डेडस्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा.

सातवीण
बापरे, इतकं सविस्तर, मनापासून आभार दोघांचेही. सीएचबीच्या सरांना धागा दाखवला, लेखक म्हणून नावाचं आम्ही आजच बोललो. एक राहिलं, परवानगी कोणाची लागेल? सडा काही ठिकाणी खासगी आहे, एक डबकं कातळशिल्पांना लागून आहे.

खाडीपलीकडे
खासगीला मालकाचं संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र. कातळशिल्पांजवळ काम म्हणजे पुरातत्त्वला विचारा, संरक्षित असो नसो, २०२२ पासून रत्नागिरीतल्या काही ठिकाणची शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, तिथे नमुना उपटणं तर सोडाच, खुंटी ठोकायची तरी विचारून. पुढे कधी कांदळवनात उतरलात तर वनखात्याचा कांदळवन कक्ष. संमतीपत्रावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर दोन्ही लिहून घ्या, आपल्याकडे एका सड्याला दहा वाटेकरी आणि त्यातले सहा मुंबईला, तेव्हा गणपतीत सगळे घरी असतात तेव्हाच सह्या घ्या.