शब्दचर्चा : ‘बेगर दाय नेबर’साठी मराठीत काय वापरावं?

विचारणा : १९२९ नंतरच्या महामंदीच्या काळात देशादेशांचे संबंध कसे बिघडत गेले, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘बेगर दाय नेबर’ धोरण हा शब्दप्रयोग सारखा येतो. आयातशुल्क वाढवून किंवा चलनाचं अवमूल्यन करून आपली बेकारी दुसऱ्या देशाच्या गळ्यात घालायची, असा त्याचा अर्थ. ‘शेजाऱ्याला भिकेला लावणारे धोरण’ असं शब्दशः केलं, पण वाचताना खटकतं. काही बरं सुचेल का?

प्रतिसाद : बरेच जण ‘संरक्षणवाद’ (बाहेरचा माल अडवून देशी उद्योग राखणं) लिहून पुढे जातात. मला ते चूक वाटतं. संरक्षणवाद भरभराटीच्या काळातही असतो, आणि त्या शब्दात आपलं राखणं तेवढं दिसतं, दुसऱ्याचं गेलेलं दिसत नाही. शिवाय अवमूल्यन त्यात बसत नाही. मी ‘पोटावर पाय देणे’ घेईन. मंदीत मागणी सगळीकडेच आटलेली असते. बाहेरचा माल अडवून आपल्या कारखान्यातलं काम टिकवलं, की ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून गेलेलं असतं.

प्रतिसाद : ‘पोटावर पाय’ अर्थाला जवळचा आहे, पण त्यात हेतू येतो. जून १९३० मध्ये अमेरिकेत आयातशुल्क वाढवणारा स्मूट-हॉली कायदा झाला तेव्हा पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचे शेतकरी आणि कारखानदार होते. कॅनडाचं वाटोळं व्हावं असं कुणाच्या मनात नव्हतं. (हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हूवर यांना या कायद्यावर सही करू नका असं कळवलं होतं. त्यांनी केली.) म्हणून माझी पसंती ‘मुळावर येणे’ला.

इथे मराठीची एक सोय फार उपयोगी आहे. ‘मुळावर येणे’ आणि ‘मुळावर उठणे’ एक नव्हेत. पहिल्यात नुकसान होतं, मग ते करणाऱ्याच्या मनात असो वा नसो. दुसऱ्यात समोरचा ते करायलाच निघालेला असतो. मंदीत देशांचे संबंध या ‘येण्या’कडून ‘उठण्या’कडे सरकतात. कॅनडाने त्याच वर्षी अमेरिकी मालावरचं शुल्क वाढवलं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक (चलनाची किंमत सोन्याशी बांधून ठेवणं) सोडलं आणि पौंड घसरला. १९३२ च्या ओटावा परिषदेत ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना शुल्कात सवलती दिल्या, म्हणजे बाहेरच्यांना दार आणखी लोटलं गेलं. १९२९ ते १९३३ या काळात जागतिक व्यापाराचं मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घसरलं.

विचारणा करणारी : मग ‘उठणे’ नक्की कुठून वापरू?

प्रतिसाद : १९३१ च्या ऑस्ट्रियापासून. मार्चमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाने जकात-संघाची (आपसातली जकात काढून बाहेरच्यांसाठी एकच ठेवण्याची) योजना जाहीर केली, फ्रान्सला ती धोक्याची वाटली. मे महिन्यात ऑस्ट्रियाची सर्वांत मोठी बँक, क्रेडिटआनश्टाल्ट, कोसळली. कर्जाची निकड असलेल्या ऑस्ट्रियापुढे फ्रान्सने योजना सोडण्याची अट ठेवली. सप्टेंबरात ती सोडावी लागली. इथे नुकसान ओघाने झालेलं नाही, दुसऱ्याची नड हेरून ती वापरली गेली आहे. अशा ठिकाणी मला ‘आर्थिक दबाव’ फार मवाळ वाटतो. ‘कोंडीत पकडणे’ लिहा.

प्रतिसाद : शब्दांची चर्चा आहे म्हणून २००८ चंही सांगतो. आइसलँडच्या बँका बुडाल्या आणि ब्रिटिश ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हा ब्रिटनने त्यांपैकी लँड्सबँकी या बँकेची मालमत्ता गोठवण्यासाठी २००१ चा दहशतवादविरोधी कायदा वापरला. दोन्ही देश नाटोचे सदस्य! त्या कायद्यात दहशतवादाखेरीज इतरही तरतुदी होत्या, पण आइसलँडच्या लोकांच्या मनाला लागलं ते त्याचं नाव. ‘आम्ही दहशतवादी नाही’ म्हणत हजारोंनी सह्या केल्या. पैशांचा वाद २०१३ मध्ये न्यायालयात आइसलँडच्या बाजूने सुटला. अनुवादात ‘मालमत्ता गोठवली’ एवढंच लिहिलं तर वाचकाला त्या रागाचं कारण कळणारच नाही.

आणि ‘महामंदी’ १९२९ नंतरच्या काळासाठीच राखून ठेवा. २००८ साठी ‘जागतिक मंदी’ पुरे.

विचारणा करणारी : मनापासून आभार. ‘शेजाऱ्याच्या मुळावर येणारे धोरण’ पक्कं करते, आणि ऑस्ट्रियाच्या परिच्छेदात ‘कोंडीत पकडणे’. ‘रिटॅलिएटरी टॅरिफ’ला सध्या ‘सूडशुल्क’ लिहिलं आहे, ते राहू दे का?

प्रतिसाद : नको. कॅनडाने केलं ते उत्तर होतं. ‘प्रत्युत्तर शुल्क’ लिहा. सूड म्हटलं की आपण अनुवादातच एका देशाची बाजू घेतो.