ब्रोकन एज : ३३ लाख डॉलर जमले, कोडी कुठे गेली?

जुनाट_माउस

रहस्यभेद आहे, आधीच सांगतो. ब्रोकन एज खेळायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा.

८ फेब्रुवारी २०१२ला टिम शेफरने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर झोळी पसरली. मागणी ४ लाख डॉलरची. त्यातले ३ लाख गेमसाठी आणि १ लाख तो बनताना टिपणाऱ्या माहितीपटासाठी. चोवीस तासांच्या आत १० लाख जमले. १३ मार्चला मोहीम संपली तेव्हा ८७ हजारांवर लोकांनी मिळून ३३ लाख ३६ हजार डॉलर दिले होते. गेमला तेव्हा नाव नव्हतं, कथा नव्हती, दाखवायला एक पडदाही नव्हता. भांडवल काय, तर मंकी आयलंड या गाजलेल्या जुन्या गेमच्या लेखनात ज्याचा हात होता, डे ऑफ द टेंटॅकलचा जो अर्धा आणि ग्रिम फँडँगोचा अख्खा धनी, तो माणूस पुन्हा पॉइंट-अँड-क्लिक अ‍ॅडव्हेंचर (माउसने क्लिक करत, कोडी सोडवत पुढे जायची गोष्ट) करणार आणि मध्ये प्रकाशक नावाचा अडसर नसणार. मीही १५ डॉलरवाला. तेव्हाच्या भावाने साडेसातशेच्या आसपास रुपये.

उशीर झाला ही माझी तक्रार नाही. ऑक्टोबर २०१२चा वायदा होता, तो पाळला जाईल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. जुलै २०१३मध्ये शेफरने कळवलं की मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळूनही आपण त्यातही न मावणारा गेम आखून बसलो आहोत, सबब दोन भागांत देतो. पहिला जानेवारी २०१४ला आला, दुसरा एप्रिल २०१५ला. चालतंय की.

दुखणं कोड्यांचं आहे. या जातीच्या गेममध्ये कोडं हाच खेळ असतो, बाकी सगळी सजावट. डे ऑफ द टेंटॅकल (१९९३) आठवा. तिघं तीन काळांत अडकलेले. दोनशे वर्षं मागे गेलेल्या होगीला बॅटरी बनवायला व्हिनेगर हवंय आणि हातात आहे वाइन. ती तो कालकुपीत ठेवतो. दोनशे वर्षं पुढे अडकलेल्या लाव्हर्नच्या हाती कुपी लागते तोवर वाइनचं व्हिनेगर झालेलं असतं, आणि ती ते शौचकुपात टाकून, फ्लश करून मागे पाठवते. उत्तर वेडगळ, पण बिनतोड.

ब्रोकन एजच्या पहिल्या भागात या तोडीचं मला एकच आठवतं. बोलणाऱ्या झाडाचा चीक हवा असतो, तर त्याला लाकडी स्टूल दाखवायचं. जातभाईची ती दशा बघून झाड भडाभडा ओकतं. झकास! पण बाकी जे उचलाल ते शेजारच्याच पडद्यावर कुठेतरी बसतं. जुन्या गेममध्ये पडद्याच्या खाली ‘पहा’, ‘ढकल’, ‘उघड’ अशी बटणं असायची, ती क्रियापदं गेली, एका क्लिकमध्ये सगळं. लोकांनी ‘फार सोपं’ म्हणून ओरड केली, तर दुसऱ्या भागात अवघड केलं ते कसं? यंत्रमानवाच्या तारा जोडायच्या, आणि कुठली तार कुठे हे दाखवणारं चित्र दुसऱ्या पात्राच्या जगात. गेममध्ये आपण आळीपाळीने दोन पात्रं खेळतो, शे हा मुलगा आणि वेला ही मुलगी. शेला ते माहीत असायचं कारणच नाही, तरी त्याच्या हातून आपण बिनचूक जोडणी करून घ्यायची. टेंटॅकलमध्ये निदान वस्तू पाठवायला शौचकूप होता!

नेथन स्टेपलीची चित्रं, पीटर मॅककॉनेलचं संगीत, एलायजा वुडचा आवाज, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. पानाभोवती रांगोळी देखणी, पानात मात्र चटणी-कोशिंबीरच.

तळटीप

असहमत. १५ डॉलरमध्ये तुम्हाला गेम मिळाला, दुसरा भाग वेगळे पैसे न घेता मिळाला, आणि वीस भागांचा माहितीपट मिळाला. तो शेवटपर्यंत पाहिलात का? पैसे कसे संपतात, तारखा कशा घसरतात, माणसं कशी थकतात, हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा स्टुडिओ दाखवा. ज्यांनी तक्रार केली त्यांना तक्रारीचा मालही शेफरच्या स्टुडिओने, डबल फाइननेच पुरवला.

आणि ‘३३ लाख’ हा आकडा फार फसवा आहे हो. किकस्टार्टरचे ५ टक्के, वर कार्डाचा व्यवहार घडवणाऱ्यांचे वेगळे. मग माहितीपट, टीशर्ट, पोस्टर. ग्रिम फँडँगोचा खर्च १९९८ साली ३० लाखांच्या घरात होता असं शेफरच सांगतो. चौदा वर्षांनी त्याहून कमी पैशात त्याच आकाराचा गेम मागायचा आणि वर पान सुनं म्हणायचं?

गिरगावचा_रिकामा

इथे एकाने तरी हे जुने गेम काढणाऱ्या लुकासआर्ट्सला त्या काळी रुपया दिला होता का? आमच्याकडे आलेली मंकी आयलंड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची चोरटी प्रत. चाच्यांचा गेम चाच्यांकडूनच घेतला. मूळ खोक्यात चाच्यांचे चेहरे जुळवायची पुठ्ठ्याची चकती असायची, ती फिरवून उत्तर दिल्याशिवाय गेम पुढे सरकायचा नाही, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या प्रतीत ती भानगड कुणी पुण्यवंताने आधीच काढून टाकली होती.

त्यामुळे साडेसातशे रुपयांकडे मी जुनी उधारी फेडली असं बघतो. गेम बरा निघाला हा बोनस.

सईची_आई

जुन्या कोड्यांचे गोडवे गाताना लोक सोयीस्कर विसरतात. गॅब्रिएल नाइट ३ (१९९९) खेळलंय का कुणी? मोझली नावाच्या दुसऱ्या पात्राच्या नावावर मोटरसायकल भाड्याने घ्यायची, त्यासाठी त्याचं सोंग घ्यायचं. दाराच्या भोकाशी चिकटपट्टी लावायची, मांजराला पाण्याच्या फवाऱ्याने तिथून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस काढायचे आणि पाकाने ओठावर चिकटवून मिशी करायची. गंमत म्हणजे मोझलीला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. यात बिनतोड काय आहे? अशाच प्रकारांना कंटाळून लोक या गेमपासून लांब गेले.

ब्रोकन एज मी लेकीबरोबर खेळले, ती तेव्हा चौथीत होती. वेलाला गावातले सगळे हौसेने नटवून राक्षसाला अर्पण करतात आणि ती म्हणते, ‘आपण त्याला मारत का नाही?’ लेक ताडकन उठून बसली. शेची आई म्हणजे जहाजाचा संगणक. बाळ मोठं झालं तरी त्याला आइस्क्रीमच्या कड्यातून ‘वाचवण्याची’ लुटुपुटूची संकटं देत बसते. ते बघून मीच जरा गप्प झाले. आणि पहिल्या भागाच्या शेवटी ते जहाज आणि तो राक्षस एकच निघतात! सोपा होता म्हणूनच आम्ही तिथवर पोचलो. मांजराची मिशी असती तर पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉप मिटला असता.

जुनाट_माउस

सईची_आई, कथेबद्दल पूर्ण सहमत. तो धक्का मलाही बसला. मिशीचं कोडं टुकार आहे हेही कबूल, त्याची वकिली मी करणार नाही. पण वाईट कोड्यावर इलाज चांगलं कोडं हा आहे, कोडंच काढून टाकणं हा नव्हे.

तळटीप, पैशाचं म्हणता तर थिंबलवीड पार्क घ्या. मंकी आयलंडचा कर्ता रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांचा गेम. तेही किकस्टार्टरवरच, २०१४च्या अखेरीस. जमले ६ लाख २६ हजार, म्हणजे शेफरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. मार्च २०१७ला गेम हातात. नऊ क्रियापदं खाली मांडलेली, पाच पात्रं, आणि सुरुवातीलाच विचारतात : सोपा हवा की अवघड? सोप्यात कोडी कमी. सईसाठी एक रस्ता, माझ्यासाठी दुसरा. हे २०१२मध्ये सुचायला काय हरकत होती? आणि हाच गिल्बर्ट शेफरच्या मोहिमेच्या चित्रफितीत शेजारी होता! तेव्हा तो डबल फाइनमध्येच होता. तिथे त्याने द केव्ह हा गेम केला आणि २०१३मध्ये बाहेर पडला.

तळटीप

थिंबलवीड खेळलोय. छान आहे, पण शेवट? सगळ्या पात्रांचे धागे सोडून देऊन ‘तुम्ही गेममध्ये आहात’ हे सांगणारा. तो बघून मी थंडच झालो. आणि १९८७चा अमेरिकन गाव, ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं, जुन्या गेमच्या कोपरखळ्या... आपलेच जुने फोटो आपणच कौतुकाने बघायचे असतील तर उत्तम. शेफरने निदान नवीन काहीतरी करून बघितलं. लोकांना नवीन नको होतं, आपलं पंधरावं वर्ष परत हवं होतं. ते किकस्टार्टरवर मिळत नाही.

पिक्सेल_मजूर

पुण्यात एका स्टुडिओत काम करतो, नाव विचारू नका. दोन गोष्टी आतल्या बाजूने.

कागदावर कोडं फुकट असतं. खर्च सुरू होतो त्यानंतर. प्रत्येक पडदा हाताने रंगवलेला, पात्राची प्रत्येक हालचाल वेगळी. आता खेळाडू झाडाला चमचा लावून बघणार, चमच्याला मासा लावून बघणार. त्या प्रत्येक वेड्या प्रयत्नाला मजेशीर उत्तर हवं असेल तर ते कुणीतरी लिहायचं, नामवंत नटाकडून बोलून घ्यायचं, तपासायचं. वस्तू वाढल्या की या जोड्या गुणाकाराने वाढतात. क्रियापदं का गेली याचं अर्ध उत्तर इथे आहे. उरलेलं अर्ध टॅबलेट, बोटाने खेळणाऱ्याला खाली नऊ बटणं नको असतात.

दुसरं, दुसऱ्या भागात दोघांची फक्त जागाबदल झाली, वेला जहाजात आणि शे खाली तिच्या जगात, ठिकाणं बहुतेक तीच. ते कथेला शोभतं, पण त्यात वाचवलेल्या पैशाचा वासही येतो. पडदे तेच आणि खेळ लांबवायचा असेल तर कोडी अवघड करणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. तारांचं कोडं मला तसंच वाटतं.

तिरका_कर्सर

कोडी-बिडी राहू द्या. विश्वासाचं कुणी बोलतच नाहीये. पहिला गेम अर्धवट असताना मे २०१३च्या शेवटी हेच लोक मॅसिव्ह चॅलिस या दुसऱ्या गेमची नवी झोळी घेऊन दारात. त्यात १२ लाखांवर जमवले. ती मोहीम आटोपते न आटोपते तोच जुलैमध्ये ‘जुन्याला पैसे कमी पडताहेत’. पुढे स्पेसबेस डीएफ-९ हा त्यांचाच आणखी एक गेम अर्धवट असतानाच विकायला काढला आणि २०१४मध्ये आवृत्ती १.० म्हणून हात झटकले. याला माझ्या गावाकडे एकाची टोपी दुसऱ्याला म्हणतात.

तळटीप

तिरका_कर्सर, मॅसिव्ह चॅलिसचा चमू वेगळा, हिशेब वेगळा, आणि तो २०१५मध्ये पूर्ण होऊन आला. स्पेसबेसबद्दल बचाव नाही, ते वाईटच झालं. पण त्याचे पैसे या मोहिमेतले नव्हते.

तुलनाच करायची तर बाकीच्यांशी करा. स्पेस क्वेस्ट या जुन्या गेमच्या जोडगोळीने त्याच वर्षी स्पेसव्हेंचरसाठी ५ लाख ३९ हजार जमवले, लोकांच्या हातात गेम पडला २०२२ साली. कोल दांपत्याचा हीरो-यू २०१२चा, आला २०१८मध्ये. ब्रोकन सोर्ड ५चेही दोन तुकडेच झाले, डिसेंबर २०१३ आणि एप्रिल २०१४, त्यावर कुणी धागा काढल्याचं मला आठवत नाही. शेफरवर राग का, तर तो पहिला होता आणि त्याचा आकडा मोठा होता.

गिरगावचा_रिकामा

त्याच्यामुळेच तर बाकीच्यांना झोळी पसरायचं धाडस झालं. लॅरी, टेक्स मर्फी, जेन जेन्सेनचा मोबियस... २०१२ साली जो तो रांगेत. लाट आली तशी गेलीही. मंकी आयलंडचा नवा भाग २०२२ला आला तो लोकवर्गणीतून नाही, चक्क प्रकाशक घेऊन. त्यातल्या चित्रांवरूनही काही चाहते गिल्बर्टला इतकं वाट्टेल ते बोलले की त्याने आपल्या ब्लॉगवरचे प्रतिसाद बंद केले. आम्ही चाहते एकूणच कठीण माणसं.

जुनाट_माउस

पिक्सेल_मजूर, प्रतिसाद आवडला, पण आवाजाचा मुद्दा पटत नाही. टेंटॅकलची सीडी १९९३ची, संवाद सगळे बोललेले, आणि क्रियापदं नऊच. थिंबलवीडही पूर्ण बोलका. दोघांनाही जमलं.

पिक्सेल_मजूर

जमलं, कारण त्यात दहापैकी सात प्रयत्नांना ‘हे जमणार नाही’ छापाचं ठरलेलं वाक्य येतं. नीट ऐका पुन्हा. तुम्हाला आठवतात ती उरलेली तीन.

सईची_आई

तारांच्या कोड्याबद्दल एक. सईने ते चित्र वहीत काढून घेतलं होतं, आणि दुसऱ्या पात्राकडे गेल्यावर वहीत बघून मला सांगत होती, ‘लाल वर, मग खाली.’ शेला कसं माहीत, हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिच्या लेखी शे आणि वेला दोघंही तीच होती. चुकीचं असेल, पण पूर्ण गेममध्ये सगळ्यात जास्त मजा तिला तिथेच आली.

जुनाट_माउस

ती मजा वहीची झाली हो, गेमची नाही! गेमने वेलाला ते चित्र उतरवून शेकडे धाडायची एक वाट दिली असती, अगदी बाटलीत घालून समुद्रात टाकायची का होईना, तर तीच सई दुप्पट हसली असती आणि मी हा धागा काढलाच नसता. याला नवे पडदे लागत नव्हते, एलायजा वुडची चार वाक्यं लागत होती.

पिक्सेल_मजूर

बाटलीवालं चांगलं आहे. फक्त दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, तेव्हा वेला ती बाटली कुणाला म्हणून टाकेल, हे आधी सोडवा.