मदत हवी आहे: आर या संगणकभाषेतलं हे फंक्शन नेमकं कोणत्या पॅकेजचं (तयार फंक्शन्सच्या संचाचं)?

नमस्कार मंडळी. नागपुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाला कळमना बाजारातले संत्र्याचे रोजचे भाव घेतलेत, आंबिया आणि मृग बहार वेगवेगळे. एका सीनियर दादाने अशाच कामाची आरमधली फाइल दिली. दीडेकशे ओळी, पण वर लायब्ररीची, म्हणजे पॅकेज लोड करणारी, एकही ओळ नाही! त्याच्याकडे पॅकेजेस आधीच लोड असायची, म्हणून त्याचं कधी अडलं नाही.

रोलमीनपाशी, म्हणजे सात दिवसांच्या सरकत्या सरासरीपाशी, ‘कुड नॉट फाइंड फंक्शन’ येतं. आरच्या मदतीत नावाआधी दोन प्रश्नचिन्हं लावून शोधलं, काहीच हाती लागलं नाही.

फिल्टरने मात्र जीव नकोसा केलाय. आंबियाच्या ओळी वेगळ्या करायला गेले की ‘ऑब्जेक्ट बहार नॉट फाउंड’. अहो, बहार नावाचा कॉलम समोर दिसतोय! मथळा पुन्हा टाइप केला, सीएसव्हीतल्या रिकाम्या जागा काढल्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, काही सुधरेना.

दादाला आता आठवत नाही. प्रत्येक फंक्शन इथे विचारण्यापेक्षा त्याचं पॅकेज स्वतः कसं शोधायचं ते कोणी सांगाल का?

प्रतिसाद:
कॉलमला हात लावू नकोस, तो ठीक आहे. फिल्टर नावाची दोन फंक्शन्स आहेत. एक स्टॅट्स पॅकेजमधलं, आर उघडताच हजर असतं आणि टाइम सिरीजवर, म्हणजे काळानुसार मांडलेल्या आकड्यांवर, चालतं. ओळी निवडणारं दुसरं डीप्लायआर पॅकेजमधलं. ते लोड नसलं की पहिलंच धावून येतं, आणि त्याला तुझे कॉलम कळत नाहीत.
कंस न देता नुसतं फिल्टर टाइप करून एंटर मार. कोडच्या शेवटी नेमस्पेसपुढे पॅकेजचं नाव येतं.
रोलमीन झूमधलं आहे. ती दोन प्रश्नचिन्हं फक्त इन्स्टॉल असलेल्या पॅकेजेसमध्येच शोधतात. बाहेरचं शोधायला आरसाइटसर्च वापर. सापडलं की फाइलमध्ये पॅकेजचं नाव, दोन कोलन, मग फंक्शन, असंच लिहीत जा. पुढच्या बॅचला त्रास नको.

धागाकर्ती:
खूप आभार! शेवटच्या ओळीत खरंच स्टॅट्स होतं. डीप्लायआर लोड केलं, आंबिया वेगळा झाला. मग कॉलम निवडणारं सिलेक्ट ‘अनयूज्ड आर्ग्युमेंट’ म्हणून थांबलं. तसंच नुसतं नाव टाइप केलं, तर मास पॅकेज निघालं. बॉक्सकॉक्स फंक्शनसाठी मी ते डीप्लायआरनंतर लोड केलं होतं, म्हणून त्याचंच सिलेक्ट पुढे आलं. आता दीडशे ओळींत कोलन घालत बसलेय.