उ. व्हीसीआरच बरा होता

'डीव्हीडी रेकॉर्डर सोडून व्हीसीआर (टीव्हीवरचं कॅसेटवर रेकॉर्ड करणारं यंत्र) घेणं म्हणजे पैसे पाण्यात,' असं कुणीतरी म्हटलंय. चित्राबद्दल मान्य. व्हीएचएस, म्हणजे व्हीसीआरच्या कॅसेटच्या, चित्रात जेमतेम २४० रेषांचा बारकावा; डीव्हीडीसमोर ते धुवट दिसणारच.

पण २००३ चं इंदूर आठवा! वीज कधी जाईल नेम नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली, तरी कॅसेटवर तोवरचं सगळं शाबूत. डीव्हीडीची तबकडी मात्र 'फायनलाइज' झाली नसेल, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर रेकॉर्डरने ती शेवटची बंद केली नसेल, तर दुसऱ्या प्लेअरवर चालायचीच नाही, कधी पूर्ण वाया. बाबांनी हा हिशोब करूनच महाराणी रोडवरून स्वस्तातला व्हीसीआर आणला.

त्या १ मार्चला वर्ल्ड कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध सेंच्युरियनवर सचिनच्या ९८ धावा. ई-१८० कॅसेट, तीन तासांची; एलपीवर (लाँग प्ले, म्हणजे टेप अर्ध्या वेगाने) टाकली की सहा. भारताची अख्खी बॅटिंग एकीत मावली. नको झालं की पुसून पुन्हा वापरा. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते.

ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणारा टायमर तेवढा बिनकामाचा. लाइट गेली की घड्याळ शून्यावर, मग आईच बटण दाबायला बसायची. आणि पावसाळ्यात कॅसेटला बुरशी! ती मॅचची कॅसेट त्यातच गेली भिया, नाहीतर दाखवली असती.