तरुण पाळकांचा कोरडेपणा
कुणीतरी लिहिलंय की तरुण मेथॉडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पाळकांना, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांना, रिट्रीट (कामापासून दूर जाऊन प्रार्थना-चिंतन) हवं म्हणजे त्यांना कामाचा कंटाळा आलाय, मला नाही पटत हे. अहो मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचंच बघा ना, १७२८ ला प्रीस्ट झाला, अमेरिकेतल्या जॉर्जियाला धर्मकार्यासाठी जाऊन हात हलवत परत आला आणि मग कुठे २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने बायबलमधल्या रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना ऐकताना त्याला आतून काहीतरी झालं, तोवर मनाने कोरडाच की! पण नुसत्या रिट्रीटने भागत नाही, क्लास मीटिंग हवी, म्हणजे एकमेकांच्या श्रद्धेची विचारपूस करणाऱ्या साधारण बारा जणांची बैठक (ती सुरू झाली १७४२ ला ब्रिस्टलमध्ये, तीही प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला पेनी गोळा करायला!). आज पाळक सगळ्यांची विचारपूस करतो, त्याची कोण करतं? सुपरिंटेंडंट (पाळकांवरचे वरिष्ठ) भेटले की हजेरी आणि बजेट. म्हणून चार-पाच पाळकांनी तसंच दर आठवड्याला एकत्र बसावं, वरिष्ठांना न बोलावता.