निवडणूक घ्यायला धनिकाचा पैसा: मदत की शिरकाव?

चौकस (धागाकर्ता): २०२० मध्ये झुकरबर्ग दांपत्याने ‘सेंटर फॉर टेक अँड सिव्हिक लाइफ’ या संस्थेला सुमारे ३५ कोटी डॉलर दिले. संस्थेने ते अमेरिकेतल्या जवळपास २,५०० स्थानिक निवडणूक कार्यालयांना वाटले: केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांचे भत्ते, टपाली मतांच्या पेट्या, पाकिटं उघडायची यंत्रं, मास्क. प्रचाराला छदाम नाही. तिथे निवडणूक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा नगरपालिका घेते, तीही आपल्याच तिजोरीतून. तिजोरीत खडखडाट असेल तर राज्याने भरावी. धनिकाने नाही.

खडूस: विस्कॉन्सिन राज्यातली एप्रिल २०२० ची निवडणूक आठवा. कर्मचारी कोरोनाच्या धास्तीने आले नाहीत, मिलवॉकीत १८० केंद्रांची ५ उरली, ग्रीन बेमध्ये ३१ ची २. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, अख्ख्या देशाला दिले ४० कोटी डॉलर. नोव्हेंबरची अध्यक्षीय निवडणूक तोंडावर होती. राज्याची वाट बघत बसायचं?

तळटीप: वाटप बघा की. किमान ५,००० डॉलर, अर्ज करील त्याला. वरवर सगळं सरळ. पण विस्कॉन्सिनमध्ये निवडणूक घेणाऱ्या नगरपालिका आणि गावं आहेत १,८५० च्या आसपास. त्यातल्या पाच शहरांनी एकत्र आराखडा दिला आणि जुलैतच ६३ लाख उचलले. पाचही डेमोक्रॅटांकडे झुकणारी. गावाकडे निवडणूक सांभाळणारा क्लार्क अर्धवेळ, तो असले आराखडे कधी लिहिणार? एकही मत खोटं नसेल, मान्य. पण मतदानाची सोय कुठे वाढली, यानेही पारडं हलतं.

खडूस: गर्दीही तिथेच होती, केंद्रं तिथेच बंद पडली होती! केंद्रीय निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये याबद्दलची तक्रार एकमताने फेटाळली. शिवाय करारात अट होती की अनुदान आलं म्हणून स्थानिक तरतूद कापायची नाही. विस्कॉन्सिनने एप्रिल २०२४ मध्ये घटनादुरुस्ती करून खासगी पैसा बंद केला. पर्यायी निधीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

चौकस: म्हणून पेनसिल्व्हेनियाचा २०२२ चा कायदा बरा. खासगी पैशावर बंदी, पण राज्याकडून वर्षाला ४.५ कोटी, नोंदणीकृत मतदारांच्या प्रमाणात. मुख्य अट अशी की टपाली मतांची मोजणी सुरू केली की मध्ये थांबवायची नाही.

तळटीप: तिथेही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ आधी उघडता येत नाहीत. विस्कॉन्सिनमध्येही तेच, म्हणून तर २०२० ला मिलवॉकीची मोजणी पहाटे ३ पर्यंत चालली. आधी उघडायची परवानगी द्या, निम्मी यंत्रं लागणारच नाहीत.