डुप्लिकेट चावीने दार उघडतं, गाडी चालू होत नाही

सेकंडहँड गाडी घेतली, मालकाने एकच चावी दिली, म्हणून चौकातल्या चावीवाल्याकडून १५० रुपयांत दुसरी कापून आणली. दार उघडतं, स्टार्टर फिरतो पण इंजिन काही पकडत नाही, मीटरवर लाल चावीचा दिवा लुकलुकतोय. गंडवलं का मला?

>> गंडवलं नाही रे, त्याने नुसतं पातं कापलं. ओरिजिनलच्या काळ्या डोक्यात चिप असते, इग्निशनभोवतीची कॉइल तिचा कोड वाचते, जुळला नाही तर गाडी चालू होत नाही. ओरिजिनलचं डोकं नव्या चावीला चिकटवून धर आणि फिरव, बघ काय होतं.

>> चिपवाली चावी घेऊन ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडायचं सॉकेट) प्रोग्राम करावी लागेल. आरसी आणि चालू चावी सोबत ने. जुन्या मालकाकडची दुसरी चावी गाडीच्या मेमरीतून उडवायलाही सांग, ती कोणाकडे आहे देव जाणे! आणि आत्ताच कर, एकुलती एक हरवली की खर्च कितीतरी वाढतो. चोरीच्या क्लेमला इन्शुरन्सवाले पण दोन्ही चाव्या मागतात.

>> चिकटवून बघितलं, पहिल्या झटक्यात चालू! शनिवारी जातो प्रोग्रामिंगला.